बागेला आधी वाट हवी, कारंजे मग

नव्या उद्यानाचा आराखडा लोकांपुढे येतो तेव्हा त्यातले चित्र नीट पाहावे. प्रवेशाशी कमान, मधोमध कारंजे, एका कोपऱ्यात रंगीबेरंगी व्यायामयंत्रे, कडेने नक्षीदार झुडपे. चालायची वाट मात्र शोधावी लागते. सापडते तेव्हा ती जेमतेम दीड मीटर रुंद असते आणि कारंज्याभोवती वेलबुट्टीसारखी फिरवलेली असते. माणसांनी हिंडावे-फिरावे, घाम गाळावा म्हणून सार्वजनिक पैसा खर्च करायचा असेल तर हा क्रम उलटा आहे. आधी वाट, फाटके, सावली, बाक, स्वच्छतागृह आणि माळ्याचा पगार. एवढे झाल्यावर पैसे उरले तर खुशाल कारंजे करावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे. त्याच संघटनेच्या हिशेबाने २०२२ मध्ये जगातले ३१ टक्के प्रौढ यातली किमान पातळीही गाठत नव्हते. हा आकडा ऐकला की लोक आळशी झालेत, त्यांना जागे केले पाहिजे, असे म्हणून फलक लावले जातात. पण १९५३ मध्ये जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो आठवावा. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करत तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. वाहक काही व्यायामाचा संकल्प करून कामावर येत नव्हते. बसला जिना होता, म्हणून ते चढत होते.

उद्यानात या जिन्याचे काम फेरीची वाट करते. अमेरिकेतल्या २५ शहरांमधल्या १७४ वस्ती-उद्यानांची पाहणी झाली, तेव्हा चालण्याची गोल वाट असलेल्या उद्यानांत वापरणाऱ्यांची संख्या तशी वाट नसलेल्यांपेक्षा ८० टक्क्यांनी जास्त आढळली आणि ज्येष्ठांची संख्या जवळजवळ दुप्पट. आता, जिथे वाट बांधली जाते तिथे इतर व्यवस्थाही बऱ्या असणार, तेव्हा सगळे श्रेय वाटेला देऊ नये. तरीही फरक मोठा आहे. त्याच पाहणीत एरवी ज्येष्ठांचे प्रमाण उद्यानात ४ टक्क्यांच्या आसपास होते, लोकसंख्येत मात्र ते २० टक्के. म्हणजे ज्यांच्या हाती वेळ आहे आणि ज्यांना चालण्याची सर्वाधिक गरज आहे, तेच उद्यानात सर्वांत कमी.

वाटेचा हिशेब सोपा आहे आणि तो आराखड्याच्या पहिल्याच बैठकीत करावा. एक हेक्टरचा चौरस भूखंड घेतला तर त्याची कड ४०० मीटर भरते. कुंपणापासून पाच मीटर आत वाट घेतली की फेरी ३६० मीटरची. झपझप चालणारा माणूस अर्ध्या तासात साधारण अडीच किलोमीटर जातो, म्हणजे सात फेऱ्या. सात ही संख्या माणूस कंटाळता कंटाळता पूर्ण करतो. हीच वाट कारंज्याभोवती ८० मीटरची केली की तीस-एकतीस फेऱ्या होतात, आणि तेवढ्या मोजत बसायला कोणी येत नाही. म्हणून फेरी जितकी कडेने नेता येईल तितकी न्यावी. भूखंड अर्ध्या हेक्टरचा असेल तर याच पद्धतीने २४० मीटर मिळतात, तेही चालते.

रुंदी अडीच ते तीन मीटर. दोघे गप्पा मारत चालत असताना तिसऱ्याला मागून पुढे जाता आले पाहिजे, समोरून बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची आली तर कोणाला चिखलात उतरावे लागू नये. दीड मीटरच्या वाटेवर लोक कडेच्या मातीवर उतरतात, वर्षभरात दोन्ही बाजूंचे गवत मरते, कड सुटते, आणि मग "लोकांना शिस्त नाही" असे म्हणत कडेने साखळ्या लावल्या जातात. दोष रुंदीचा असतो.

पृष्ठभागावर सर्वांत जास्त पैसा वाया जातो. गुळगुळीत फरशी पहिल्या पावसात घसरते. पेव्हर ब्लॉक खालचा थर नीट दाबलेला नसेल तर वर्षा-दोन वर्षांत खालीवर होतात, आणि अर्ध्या इंचाची उंची ज्येष्ठांना पाडायला पुरते. चालण्यासाठी सर्वांत सुखाचा आणि दुरुस्तीला सर्वांत सोपा म्हणजे दाबलेल्या दगडी चुरीचा पृष्ठभाग. साधारण १७-१८ सेंटिमीटर खोदायचे, तळाची माती रोलरने दाबायची, मऊ माती असेल तर वर जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे माती आणि खडी एकमेकांत मिसळू न देणारे कापड, अंथरायचे. त्यावर १५ सेंटिमीटर लहानमोठी मिसळलेली खडी, दोन थरांत, प्रत्येक थर वेगळा दाबून. सर्वांत वर पाच सेंटिमीटर बारीक चुरी, हलकेच ओली करून पुन्हा दाबलेली. कोरडी चुरी कितीही रोलर फिरवला तरी बसत नाही आणि पहिल्या उन्हाळ्यात धूळ होऊन उडते. फार भिजवली तर चाकाला चिकटते. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने ढोसल्यावर फुटावा, एवढीच ओल हवी.

वाटेला एका बाजूला दोन टक्के उतार द्यावा, म्हणजे तीन मीटर रुंदीत सहा सेंटिमीटर. याहून जास्त दिला तर चाकाची खुर्ची एकीकडे ओढली जाते, कमी दिला तर पाणी साचते. तयार वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर राहिली पाहिजे. ही एवढीशी गोष्ट इतक्या वेळा चुकते की आश्चर्य वाटते: बांधकाम संपताना उरलेली माती कडेच्या वाफ्यांत पसरली जाते, वाफे उंच होतात, वाट खोलगट राहते आणि पावसाळ्यात तीच उद्यानाची मुख्य गटार बनते. कडेचे दगड वाटेपेक्षा उंच बसवले तरी हेच होते. चुरीच्या वाटेचा खरा दोष म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त चढावर ती वाहून जाते. तेवढा तुकडा काँक्रीटचा करावा, झाडूने ओढून खरबरीत केलेला. अख्खी वाट एकाच साहित्याची असली पाहिजे, असा काही नियम नाही.

वाट झाली, पण तिच्यापर्यंत पोहोचायचे कसे? जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाची एक ढोबळ सूचना आहे की घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा हेक्टर हिरवी जागा असावी. नकाशावर वर्तुळे काढून हे सिद्ध करणे सोपे असते. पण एक हेक्टरच्या उद्यानाला एकच फाटक असेल आणि तुमचे घर नेमके मागच्या भिंतीला लागून असेल, तर बागेत शिरण्यासाठी दोनशे मीटरचा वळसा पडतो आणि तो बहुधा वाहनांच्या रस्त्याकडेने. चारही बाजूंना फाटके ठेवण्यास सुरक्षेच्या नावाखाली विरोध होतो. एकच फाटक म्हणजे एकच रखवालदार, हे त्यामागचे खरे गणित. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचा अनुभव या वादात उपयोगी आहे. झुडपांनी आणि कठड्यांनी वेढलेली ती बाग अमली पदार्थांच्या व्यवहारासाठी कुप्रसिद्ध झाली होती. १९९२ मध्ये ती पुन्हा उघडली तेव्हा झुडपे काढली होती, प्रवेश वाढवून रुंद केले होते आणि हलवता येणाऱ्या खुर्च्या ठेवल्या होत्या. आडोसा गेला, ये-जा वाढली आणि बाग माणसांनी भरली. तिथे व्यवस्थापनावरही भरपूर खर्च झाला, हे सांगायला हवे. नुसत्या कात्रीने ते साधले नसते. पण झुडूप गुडघ्याएवढे आणि झाडाच्या फांद्या डोक्याच्या वर, मधली जागा नजरेला मोकळी, हा नियम कुठल्याही बागेला लागू पडतो.

दिव्यांचेही तसेच. एका उंच खांबावरचा झगझगीत दिवा भोवती प्रकाशाचे बेट करतो आणि त्यापलीकडचा अंधार अधिक गडद करतो. चार-पाच मीटरचे खांब, मंद आणि एकसारखा प्रकाश, समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू यावा इतका.

फाटकासमोर रस्ता ओलांडायची सोय नसेल तर वरचे सगळे व्यर्थ. १८५८ च्या स्पर्धेत निवडल्या गेलेल्या न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या आराखड्यात ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी शहराचे आडवे रस्ते बागेच्या पातळीखालून नेले, ते चालणाऱ्याची फेरी तुटू नये म्हणूनच. वस्तीतल्या बागेला एवढा खटाटोप नको. फाटकासमोर उंच केलेला पट्टा आणि वाहनांचा वेग कमी करणारे वळण पुरते. मात्र ते काम रस्ते विभागाचे आणि बाग उद्यान विभागाची, या भांडणात पाच वर्षे जातात. दोन्हींचा खर्च एकाच प्रस्तावात मांडावा.

कोणासाठी बाग, हा प्रश्न आराखड्यात "सर्वांसाठी" या शब्दाने झाकला जातो. व्हिएन्नात १९९०च्या दशकात असे दिसून आले की दहाव्या वर्षाच्या आसपास मुली सार्वजनिक बागांतून नाहीशा होतात, मुलगे मात्र राहतात. एकच मोठे मोकळे मैदान असले की ते मोठ्या मुलांच्या ताब्यात जाते आणि मुली जागेसाठी झगडत बसत नाहीत. मग तिथल्या काही बागांत मोठे मैदान लहान भागांत विभागले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनसाठी जागा काढल्या, पायवाटा सुधारल्या. मुली परत आल्या. यात एक बारकावा आहे. जाळी लावलेल्या खेळाच्या पिंजऱ्याला एकच दार असेल तर त्या दाराशी उभा असलेला घोळका आत कोणी यायचे ते ठरवतो. दोन दारे, समोरासमोर, हा जवळजवळ बिनखर्चाचा उपाय आहे.

बाक ५० ते १०० मीटरवर एक हवा. आसनाची उंची सुमारे ४५ सेंटिमीटर, पाठ हवी आणि हात टेकायला दांडे हवेत, कारण गुडघे दुखणारा माणूस दांड्यावर भार देऊनच उठतो. बाक म्हणजे आळसाला आमंत्रण, असे काही उत्साही व्यायामप्रेमींना वाटते. उलट पुढचा बाक दिसतो म्हणूनच धाप लागलेला माणूस तिथवर जायला धजतो. स्वच्छतागृह नसलेल्या बागेत ज्येष्ठ, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांच्या आया अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबत नाहीत. ते बांधले पण कुलूप लावून ठेवले, तर बांधलेच नाही असे समजावे.

आता झाडे. कडक उन्हात सावली नसलेली वाट दिवसाचे आठ तास रिकामी राहते, तेव्हा झाड ही शोभेची बाब राहत नाही. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून येते, म्हणून वाटेच्या पश्चिम कडेला पहिली रांग लावावी, पसरणाऱ्या जातीची, आठ ते दहा मीटर अंतराने. खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल आणि रुंदी मात्र त्याच्या दुप्पट-तिप्पट. खोल खड्डा खणून तळाशी खत-माती भरण्याची जी रीत आहे, तिच्यामुळे खालची भुसभुशीत माती पुढे बसते, रोप खाली जाते आणि खोडाचा बुंधा मातीत पुरला जाऊन कुजतो. खोड जिथे फुगून मुळांना फुटते तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. आळ्यात पाच ते दहा सेंटिमीटर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, पण खोडाला ते टेकू देऊ नये. आधाराची काठी वर्षभराने काढावी. वाऱ्यात डोलल्याशिवाय खोड जाड होत नाही. पहिली दोन-तीन वर्षे पाणी हवेच. लावलेल्या रोपांची संख्या छायाचित्रासकट जाहीर होते, तिसऱ्या वर्षी किती जगली ती कधीच होत नाही. खोडाभोवती काँक्रीटचे कडे ओतणे ही तर झाडाच्या गळ्याला दिलेली फाशीच.

व्यायामयंत्रांविषयी स्पष्टच बोलावे. फिरत्या सांध्यांची ती रंगीत यंत्रे लोकप्रिय आहेत, हे मान्य. पण त्यांत वजन वाढवता येत नाही, महिनाभरात शरीराला ती सोपी होतात, मुले त्यांचा झोपाळा करतात, आणि सांध्यातले बेअरिंग पाणी शिरून गंजले की यंत्र दोरीने बांधून ठेवले जाते. त्याऐवजी तीन वेगवेगळ्या उंचीचे लोंबायचे आडवे दांडे, समांतर दांड्यांची एक जोडी, टेकून दंड काढायला एक ओटा. फिरणारा एकही भाग नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. मुलांच्या घसरगुंडीखाली पैसा जावा तो मऊ जमिनीवर: वाळू किंवा लाकडी भुगा किमान ३० सेंटिमीटर, आणि पायांनी तो उधळला जातो म्हणून दर आठवड्याला ओढून सारखा करणारा माणूस.

टेकडीवरच्या पायवाटेचे शास्त्र वेगळे. तिथे माणसापेक्षा पाणी मोठे गिऱ्हाईक. सरळ माथ्याकडे चढवलेली वाट पहिल्याच पावसाळ्यात ओढा होते, कारण पाण्यालाही तोच सर्वांत जवळचा मार्ग. वाट उताराला आडवी न्यावी आणि तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवावा. एकूण सरासरी दहा टक्क्यांच्या आत. डोंगराचा उतार आठ टक्के असेल तर वाटेचा चढ चारच्या खाली, नाहीतर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी तिच्यावरूनच धावते. वाटेचा तळ दरीच्या बाजूला पाच टक्के कललेला असावा आणि अधूनमधून चढणीतच एक छोटी उतरण द्यावी, म्हणजे साठलेले पाणी तिथून बाहेर पडते. कितीही नीट केली तरी पायांनी मधला भाग दबतो आणि दरीकडच्या काठाला मातीची वरंडी तयार होते. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर ती फावड्याने काढणे हेच पायवाटेच्या देखभालीचे निम्मे काम. वळणावर लोक शॉर्टकट मारतात तो पुढची वाट नजरेस पडते म्हणून. तिथे पाटी लावण्यापेक्षा मध्ये दोन मोठे दगड आणि दाट झुडूप लावावे.

वस्तीची सामाईक परसबाग हाही हालचालीचा उत्तम मार्ग आहे, विशेषतः ज्यांना गोल गोल चालणे मूर्खपणाचे वाटते त्यांच्यासाठी. खोदणे, खत वाहणे, तण उपटणे हे मध्यम श्रमाचेच काम. जागा पूर्वी कारखान्याची, गॅरेजची किंवा जुन्या रंगवलेल्या इमारतीची असेल तर मातीत शिसे आहे का, ते आधी तपासावे. संशय असेल तर खाली कापड अंथरून बाहेरून आणलेल्या मातीचे उंच वाफे करावेत. वाफा दोन्ही बाजूंनी हात पोहोचेल इतका, म्हणजे १.२ मीटर रुंद. भिंतीला लागून असेल तर निम्मा. एक-दोन वाफे ६० ते ७५ सेंटिमीटर उंच बांधले की वाकता न येणारेही येतात. अशा बागा मरतात त्या दुसऱ्या हंगामात. सुरुवातीच्या हौसेत मोठमोठे वाफे वाटले जातात, निम्म्यांवर तण माजते आणि शेजारच्यांचा धीर सुटतो. वाफे लहान ठेवावेत, चार आठवडे कोणी फिरकले नाही तर तो प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला द्यावा, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवावे. आणि पाण्याचा नळ वाफ्यांच्या मध्यावर हवा. बादली पन्नास मीटर वाहायची असेल तर उन्हाळ्यात कोणी टिकत नाही.

या सगळ्यावर खरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो रास्त आहे. उद्यान बांधायला एकदाच मंजूर होणारा निधी मिळतो. माळी, झाडू, बल्ब आणि चुरीच्या पुरवणीसाठी दरवर्षीची तरतूद लागते, तिथे फीत कापायला काही नसते. त्यामुळे दिखाऊ गोष्टी भांडवली खर्चात घुसतात आणि देखभाल वाऱ्यावर सुटते. यावर एकच मार्ग दिसतो. मंजुरीच्या ठरावातच पाच वर्षांच्या देखभालीचा आकडा असावा, त्यात किती माणसे, आठवड्यातून किती वेळा, हे नोंदलेले असावे, आणि तो आकडा परवडत नसेल तर आराखड्यातून एकेक वस्तू कमी करत जावे. पहिल्यांदा कारंजे निघते, मग कमान, मग यंत्रे. वाट शेवटपर्यंत राहते, कारण तिला वर्षातून दोनदा चुरीची पुरवणी आणि रोलर एवढेच लागते.

बाग गावकऱ्यांना, वस्तीला आवडली का, हे अभिप्रायवहीत शोधू नये. तिथे फक्त खूश किंवा चिडलेले लोक लिहितात. मोजणी करावी. बागेचे पाच-सहा भाग पाडायचे, ठरलेल्या वेळी प्रत्येक भागावर डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची आणि नोंद करायची: बसलेले किती, चालणारे किती, धावणारे-खेळणारे किती, त्यात स्त्रिया किती, मुले किती, ज्येष्ठ किती. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, असे आठवड्यातले चार दिवस, त्यांत एक सुट्टीचा. दोन माणसांचे काम आहे, कागद आणि पेन्सिल पुरते. काम सुरू होण्याआधी एकदा आणि उद्घाटनानंतर बरोबर एका वर्षाने, त्याच महिन्यात पुन्हा. उद्घाटनानंतरच्या पहिल्या महिन्यात मोजू नये, तेव्हा कुठलीही बाग भरलेलीच असते. दुपारच्या रकान्यात शून्य आले तर सावलीकडे पाहावे, रात्रीच्या रकान्यात स्त्रिया नसतील तर दिव्यांकडे, आणि ज्येष्ठ कुठल्याच रकान्यात नसतील तर आधी स्वच्छतागृहाचे कुलूप तपासावे.